पहिल्या घराच्या उंबऱ्यावरच कर कशासाठी?

घर घ्यायचे म्हटले की पहिला सल्ला मिळतो तो बचतीचा. बाहेरचे खाणे कमी करा, मोबाइल दोन वर्षे जास्त वापरा, पगार झाला की आधी बाजूला टाका आणि मग खर्चाला हात घाला. सल्ला चुकीचा नाही. ज्यांनी स्वतःच्या कमाईवर घर घेतले, त्यांनी यातले बरेचसे केलेलेच असते. पण डाउन पेमेंट जमत नाही याचा सगळा दोष तरुण जोडप्यांच्या खर्चिकपणावर टाकून मोकळे होणे मला अन्यायाचे वाटते. महाराष्ट्रात पहिले घर घेणाऱ्याला जी रक्कम पदरची उभी करावी लागते, तिच्यातला चांगला मोठा भाग सरकारी शुल्काचा असतो. आणि घरासाठी म्हणून सरकारची जी मदत मिळते, ती ही रक्कम भरून झाल्यानंतर मिळते. ही पदरची रक्कम जास्त कर्ज देऊन कमी करू नये, ती साठवायला मदत करावी आणि निदान पहिल्या घरापुरता तिच्यावरचा कर उचलावा, असे माझे म्हणणे आहे.

हिशेब मांडून बघू. पुण्यात करारावर ६० लाख रुपये किंमत असलेले, ताबा तयार असलेले घर धरा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतचे गृहकर्ज घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देता येते, ३० ते ७५ लाखांचे ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यावरचे ७५ टक्क्यांपर्यंत. म्हणजे या घराला बँक फार तर ४८ लाख देईल, उरलेले १२ लाख आपले. बहुतेकांच्या डोक्यात डाउन पेमेंट म्हणून हाच आकडा असतो आणि बचतीचे गणितही त्यावरच बसवलेले असते. पण मुद्रांक शुल्क ५ टक्के, त्यावर स्थानिक संस्थेचा १ टक्का आणि मेट्रोचा १ टक्का अधिभार, असे पुणे शहरात ७ टक्के भरावे लागतात. त्याचे होतात ४ लाख २० हजार. नोंदणी फी ३० हजार. म्हणजे किल्ली हातात पडण्याआधी स्वतःचे साडेसोळा लाख तयार हवेत. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत घर घेतले, तर ५ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ३ लाख.

खरी मेख पुढे आहे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च घराच्या किमतीत मिळवून त्यावर कर्ज देऊ नये, असे रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच बँकांना सांगितले आहे. २०१५ मध्ये यात सूट दिली, ती फक्त १० लाखांपर्यंतच्या घरांना. या नियमाशी माझे भांडण नाही. उद्या कर्ज बुडाले आणि घराचा लिलाव झाला, तर भरलेले शुल्क काही वसूल होत नाही, मग बँकेने ते तारण म्हणून का धरावे? पण परिणाम काय होतो ते बघा. घराची किंमत वीस वर्षांत फेडता येते, सरकारचे शुल्क मात्र एका चलनाने, एका दिवसात, साठवलेल्या पैशातूनच द्यावे लागते. ज्या पैशाला कर्जाचा आधारच नाही, नेमक्या त्याच पैशावर शुल्काचा सगळा भार येतो.

बिल्डरच्या सेल्स ऑफिसमध्ये मिळणारी कॉस्ट शीट एकदा नीट वाचावी. वरची ओळ कराराच्या किमतीची. जाहिरातीत, फोनवर, नातेवाइकांशी बोलताना तोच आकडा फिरत असतो. त्याखाली स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन, जीएसटी, लीगल चार्जेस, सोसायटी स्थापन करण्याचा खर्च, दोन वर्षांचा आगाऊ मेंटेनन्स अशा ओळी उतरत जातात. बँकेचे सँक्शन लेटर खिशात घेऊन आलेला माणूस शेवटच्या ओळीपाशी थांबतो. पार्किंगचा विषय अजून निघालेला नसतो. घरी परतताना रिक्षात नवरा-बायको एकमेकांशी फारसे बोलत नाहीत, दोघेही मनातल्या मनात एफडी, आरडी आणि पॉलिसीच्या सरेंडर व्हॅल्यूची बेरीज करत असतात.

जुने घर घेणाऱ्याची अडचण वेगळी. तिथे जीएसटी नाही, पण एजंटची दलाली आहे, सोसायटीची हस्तांतर फी आहे, आणि अनेकदा विकणाऱ्याची एक मागणी आहे: ‘थोडे रोख द्या.’ आपल्या ६० लाखांतले ६ लाख रोख मागितले असे समजा. करार ५४ लाखांचा होतो, बँकेचे कर्ज ४३ लाख २० हजारांवर येते, आणि घेणाऱ्याला १२ लाखांऐवजी १६ लाख ८० हजार स्वतःचे घालावे लागतात. शुल्कात वाचतात ४२ हजार, तेही रेडी रेकनरची, म्हणजे शुल्कासाठी सरकारने ठरवलेली, किंमत आड आली नाही तर. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घ्यायला २०१५ पासून आयकर कायद्याची मनाई आहे. तरी ही मागणी होते आणि पहिल्यांदाच घर घेणारा ती मान्य करतो, कारण हे घर हातचे गेले तर दुसरे याच किमतीत मिळेल याची त्याला खात्री नसते. काळ्या पैशाचा सगळ्यात मोठा चटका बसतो तो ज्याच्याकडे फक्त पगाराचा पांढरा पैसा आहे त्याला.

आता बचतीकडे वळू. एक जोडपे २२ हजार भाडे देते आणि दर महिन्याला २० हजार बाजूला टाकते. ही बचत उधळ्या माणसाची नाही. साडेसहा टक्क्यांच्या आरडीत पाच वर्षांत त्याचे १४ लाखांच्या आसपास होतील, व्याजावरचा कर वजा करायच्या आधी. ज्या दिवशी सुरुवात केली त्या दिवशी साडेसोळा लाख लागत होते, म्हणजे अजून थोडेच बाकी, असे वाटेल. पण घराची किंमत वर्षाला फक्त ५ टक्के वाढली असे धरले, तरी ६० लाखांचे घर पाच वर्षांनी साडेशहात्तर लाखांवर जाते. तेव्हा लागणारी पदरची रक्कम जवळपास २१ लाख. सुरुवातीला डोंगर साडेसोळा लाखांचा होता. पाच वर्षे न चुकता साठवून १४ लाख जमले, तरी अजून ७ लाख बाकी. मधल्या काळात भाडे वाढलेले असते, एखादे मूल झालेले असते, कुणाचे तरी आजारपण येऊन गेलेले असते.

याच हिशेबात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी घेतलेल्या ४८ लाखांच्या कर्जाचा हप्ता महिना साधारण ४१ हजार ७०० रुपये येतो. या जोडप्याचे भाडे आणि बचत मिळून ४२ हजार होतात. म्हणजे घराच्या हप्त्याएवढी रक्कम ते दर महिन्याला आजही खर्ची टाकत आहेत. हप्ता भरण्याची ताकद त्यांनी पाच वर्षे सिद्ध केली आहे. त्यांची ऐपत नाही असे कुणी म्हणू नये. त्यांना अडवले आहे ते सुरुवातीच्या रोख रकमेने.

मग ज्यांना घर घेता येते, त्यांच्याकडे ही रक्कम येते कुठून? आपल्या आजूबाजूला बघितले की उत्तर सापडते. वडिलांची ग्रॅच्युइटी आणि पीएफ. गावाकडचा विकलेला जमिनीचा तुकडा. आईच्या पाटल्या. सासऱ्यांनी हातउसने म्हणून दिलेले आणि कधीही परत न मागितलेले तीन-चार लाख. यात वाईट काही नाही, आई-वडिलांनी मुलांना हात द्यावा हे चांगलेच आहे. पण मग हेही मान्य करायला हवे की आपल्या शहरांत पहिल्या घराचे दार बऱ्याच अंशी वारशाच्या किल्लीने उघडते. ज्याचे वडील ऊसतोडीला जात होते, गवंडीकाम करत होते किंवा ज्यांना उभ्या आयुष्यात पीएफची पावती बघायला मिळाली नाही, त्याने शिक्षण घेतले, नोकरी मिळवली, तोच पगार मिळवला, तरी तो शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याच्या आठ-दहा वर्षे मागे राहतो. उलट त्याच्या पगारातला काही भाग दर महिन्याला गावी जातो. कॉफीचे हिशेब त्याला सांगायला जाऊ नये.

भाड्यानेच राहा की, असे सांगणारे असतात. भाड्याने राहण्यात कमीपणा काहीच नाही आणि पुष्कळांसाठी आकड्यांतही तेच परवडते. पण अकरा महिन्यांच्या करारावर मुलांची शाळा बांधता येत नाही. घर देताना आडनाव विचारले जाते, धर्म विचारला जातो, काय खाता ते विचारले जाते, एकट्या बाईला नकार मिळतो. हे जोपर्यंत बदलत नाही, तोपर्यंत स्वतःच्या घराची ओढ ही निव्वळ गुंतवणुकीची हौस ठरवता येणार नाही.

इथे सगळ्यात सोपा वाटणारा उपाय पुढे येतो: बँकांनी ९५ टक्के, शंभर टक्के कर्ज द्यावे, म्हणजे डाउन पेमेंटचा प्रश्नच मिटला. याला मी ठाम विरोध करेन. आपला स्वतःचा हिस्सा हा बँकेसाठी जेवढा संरक्षण आहे, त्याहून जास्त आपल्यासाठी आहे. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो, ४ टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर गेला. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जे बाहेरच्या निर्देशक दराशी, बहुतेक ठिकाणी रेपोशीच, जोडलेली असल्यामुळे ही वाढ थेट कर्जदाराच्या अंगावर आली. अनेकांच्या कर्जाची मुदत काही वर्षांनी लांबली, अनेकांचे हप्ते वाढले. ज्यांनी घरात स्वतःचे पैसे बऱ्यापैकी घातले होते आणि हाताशी थोडी गंगाजळी ठेवली होती, त्यांनी ते निभावून नेले. ज्याने ऐपतीच्या टोकापर्यंत कर्ज घेतलेले असते, त्याला असा धक्का सोसायला काही उरतच नाही. नोकरी गेली आणि घर विकायची वेळ आली, तर कर्ज फिटून चार पैसे हातात उरणार की उलट खिशातून घालावे लागणार, हे स्वतःच्या हिश्शावरच ठरते.

शंभर टक्के कर्ज आजही मागच्या दाराने घेतले जातेच. डाउन पेमेंटसाठी पर्सनल लोन काढायचे, क्रेडिट कार्डावर उचल करायची, सोने गहाण टाकायचे. त्याचे व्याज गृहकर्जापेक्षा जास्त, मुदत कमी. पहिली तीन-चार वर्षे दोन हप्ते एकाच पगारातून जातात. बिल्डरांच्या २०:८० योजनाही याच वाटेच्या. आता २० टक्के भरा, बाकीचे ताब्याच्या वेळी, तोपर्यंत व्याज बिल्डर भरेल. प्रकल्प रखडला आणि बिल्डरने व्याज भरणे थांबवले की बँक घेणाऱ्याच्या दारात उभी राहते, कारण कर्ज त्याच्या नावावर असते. बांधकाम जसजसे होईल तसतशीच रक्कम सोडा, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना २०१३ मध्ये सांगितले, आणि नॅशनल हाउसिंग बँकेने २०१९ मध्ये गृहवित्त कंपन्यांना बिल्डरने व्याज भरण्याच्या योजनांपासून दूर राहायला सांगितले, ते याच अनुभवामुळे. म्हणून स्वतःचा हिस्सा कमी करायच्या भानगडीत पडू नये. तो उभा करायला मदत करावी.

आणि सरकारची मदत इथेच गैरहजर आहे. २०१५ ला सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत व्याजावर अनुदान होते, सर्वांत जास्त २ लाख ६७ हजारांपर्यंत. ते जमा व्हायचे कर्जखात्यात. म्हणजे आधी कर्ज मंजूर झालेले हवे, त्याआधी आपला हिस्सा भरलेला हवा. २०२४ पासूनच्या शहरी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात व्याज अनुदान जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, तेही पाच वार्षिक हप्त्यांत, आणि घराची किंमत ३५ लाखांच्या आत असेल तरच. आयकरातली सूटही तशीच. जुन्या करप्रणालीत गृहकर्जाच्या २ लाखांपर्यंतच्या व्याजावर वजावट मिळते, स्टॅम्प ड्युटीचीही मिळते, पण घर घेतल्यानंतर. नव्या करप्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराला या दोन्ही वजावटी नाहीत. जो अजून साठवतोय, ज्याच्या एफडीच्या व्याजातून टीडीएस कापला जातोय, त्याच्यासाठी या सगळ्यात काय आहे? पीएफमधून घरासाठी पैसे काढायची मुभा आहे, पण ते त्याच्याच म्हातारपणाचे पैसे आहेत. त्याला मदत म्हणता येणार नाही.

आता मुद्रांक शुल्काकडे. आपल्या जोडप्याच्या हिशेबात ४ लाख २० हजार म्हणजे एकवीस महिन्यांची बचत. पावणेदोन वर्षे जे साठवले ते सगळेच्या सगळे शुल्कात जाते. ज्याचे हे पहिले घर आहे त्यालाही ७ टक्के आणि ज्याचे दहावे आहे त्यालाही ७ टक्के. महिलांना १ टक्का सवलत २०२१ पासून आहे, ती चांगली गोष्ट आहे. पण घर फक्त बाईच्या नावावर असेल तरच ती मिळते. दोघांच्या पगारावर कर्ज घेणारे बहुतेक जोडपे करारातही दोघांची नावे लावते आणि सवलत गमावते. आपल्या हिशेबात ते ६० हजार झाले.

दुसरी तरतूद बघितली की मला जास्त वाईट वाटते. बिल्डरकडून गुंतवणूक म्हणून घर घेतले आणि ठरावीक मुदतीत पुढे विकले, तर आधी भरलेले शुल्क पुढच्या व्यवहाराच्या शुल्कातून वळते करून घेता येते. ही मुदत पूर्वी एक वर्षाची होती, २०२२ मध्ये ती तीन वर्षांची केली. त्यामागे बाजारातली उलाढाल वाढावी असा विचार असेल. पण घर राहण्यासाठी न घेता फिरवण्यासाठी घेणाऱ्याची अडचण सरकारला समजते आणि राहण्यासाठी पहिल्यांदा घेणाऱ्याची समजत नाही, हा क्रम उलटा आहे.

शुल्क कमी करता येत नाही असेही नाही. कोविडच्या वर्षात १ सप्टेंबर २०२० पासून डिसेंबरअखेरपर्यंत राज्याने ते ३ टक्क्यांनी कमी केले होते, पुढे मार्च २०२१ पर्यंत २ टक्क्यांनी. त्यासाठी नवा कायदा करावा लागला नाही. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम ९ मध्ये शुल्क कमी करण्याचा किंवा माफ करण्याचा अधिकार सरकारला आहेच. त्या डिसेंबरात आणि नंतर मार्चमध्ये दुय्यम निबंधक कार्यालयांबाहेर लागलेल्या रांगा बऱ्याच जणांनी पाहिल्या आहेत. सरकारला तेव्हा ठप्प झालेला बांधकाम व्यवसाय हलवायचा होता आणि तो हलला. पण ती सवलत सरसकट होती. दीड-दोनशे कोटींचा बंगला घेणाऱ्यालाही तीच टक्केवारी आणि चाळीतून पहिल्यांदा फ्लॅटमध्ये जाणाऱ्यालाही तीच. रुपयांत मोजले तर सगळ्यात जास्त फायदा सगळ्यात महागडे घर घेणाऱ्याला झाला. माझी मागणी तशी सरसकट सवलतीची नाही. देशात कुठेही स्वतःचे पक्के घर नसलेल्या कुटुंबाला, ठरावीक चटईक्षेत्रापर्यंतच्या एका घरासाठी, आयुष्यात एकदा.

पहिले घर आणि पुढची घरे यांत शुल्काचा फरक करणारी ठिकाणे जगात आहेत. सिंगापूरमध्ये तिथल्या नागरिकाला पहिल्या घरावर जादा मुद्रांक शुल्क लागत नाही, दुसऱ्यावर २० टक्के आणि तिसऱ्यापासून ३० टक्के लागते, हे दर एप्रिल २०२३ पासूनचे. इंग्लंडमध्ये पहिल्यांदा घर घेणाऱ्याला ३ लाख पौंडांपर्यंत शुल्क नाही, आणि दुसरे घर घेणाऱ्याला जादा भरावे लागते. सिंगापूरएवढे चढे दर आपल्याकडे हवेत असे मी म्हणत नाही. पण राहते घर आणि तिसरे-चौथे घर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत एवढे तरी आपल्या दरपत्रकाने ओळखावे.

आक्षेप आहेत, आणि त्यातले दोन वजनदार आहेत. पहिला महसुलाचा. मुद्रांक व नोंदणी हा राज्याच्या स्वतःच्या उत्पन्नाचा मोठा आधार आहे, तो सहज सोडता येणार नाही. मान्य. म्हणूनच घराच्या आकाराची मर्यादा हवी आणि तिसऱ्या घरापासून शुल्क थोडे वाढवून ही तूट भरून काढायला हवी. शुल्क पूर्ण माफ करणे जमत नसेल, तर कायद्यात दुरुस्ती करून पहिल्या घरापुरते ते दहा वर्षांच्या हप्त्यांत घ्या, घरावर सरकारचा बोजा नोंदवा, आणि मधेच घर विकले तर उरलेली रक्कम एकदम वसूल करा. यात तिजोरीचा रुपया बुडत नाही, फक्त उशिरा येतो. घेणाऱ्याचे पावणेदोन वर्षे मात्र वाचतात.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे: सवलत दिली की विकणारा तेवढी किंमत वाढवणार, मग घेणाऱ्याच्या हाती काय? हे थोड्याफार प्रमाणात होईलच. २०२० सारखी सहा-सात महिन्यांची सवलत असेल तर जास्त होईल, कारण तारखेच्या आत व्यवहार उरकण्यासाठी सगळे एकदम धावतात आणि विकणाऱ्याचे फावते. सवलत कायमची असेल, फक्त काही ग्राहकांना असेल आणि जुन्या-नव्या दोन्ही घरांना असेल, तर विकणाऱ्याला ती गिळणे अवघड जाते. समोर बसलेला ग्राहक सवलतीचा आहे की नाही यावर तो भाव ठरवू लागला, तर दुसरा ग्राहक ते घर घेऊन जाईल. तरी घरांचा पुरवठा वाढल्याशिवाय किमतींना आळा बसणार नाही. म्हाडाच्या सोडतीत एकेका घरामागे किती अर्ज येतात ते बघितले की पुरवठा कुठे कमी पडतोय ते दिसते. शुल्काची सवलत त्या कामाची जागा घेऊ शकत नाही.

खोटी प्रतिज्ञापत्रे देऊन लोक पहिले घर म्हणून दुसरे घेतील, अशीही शंका काढली जाते. आवास योजनेत ही अट आहेच आणि ती तपासली जाते. दस्त नोंदणी संगणकावर आहे, मोठ्या मालमत्ता व्यवहाराला पॅन द्यावा लागतो. खोटे निघाले तर दंडासह शुल्क वसूल करायचे.

शुल्काच्या जोडीला दुसरी गोष्ट हवी ती साठवण्याच्या काळातल्या मदतीची. कॅनडाने एप्रिल २०२३ पासून पहिल्या घरासाठी बचत खाते सुरू केले. वर्षाला ८ हजार डॉलर, एकूण ४० हजार डॉलरपर्यंत त्यात टाकता येतात. टाकताना करात वजावट मिळते आणि घरासाठी काढताना व्याजासकट कर लागत नाही. ब्रिटनमध्ये २०१७ पासून तरुणांच्या खात्यात वर्षाला ४ हजार पौंडांपर्यंत जे साठेल त्यावर सरकार २५ टक्के भर घालते. पण तिथली एक चूक आपण आधीच टाळायला हवी. घराच्या किमतीची साडेचार लाख पौंडांची मर्यादा त्यांनी २०१७ पासून बदलली नाही, घरे मात्र महाग होत गेली. मर्यादेच्या बाहेरचे घर घ्यावे लागले तर काढलेल्या रकमेवर २५ टक्के कपात होते आणि त्यात माणसाचे स्वतःचे पैसेही जातात. आपल्याकडे १ टक्का जीएसटीसाठी परवडणाऱ्या घराची ४५ लाखांची मर्यादा २०१९ मध्ये ठरली. मुंबई महानगरात आज ती किती घरांना लागू पडते याचा विचार करा. मर्यादा ठरवायची तर ती दरवर्षी आपोआप वाढणारी हवी, नाहीतर पाच-सात वर्षांत योजना कागदावर उरते.

ही कल्पना आपल्याला नवीनही नाही. १९८९ मध्ये नॅशनल हाउसिंग बँकेने होम लोन अकाउंट स्कीम आणली होती. काही वर्षे नियमित बचत करायची आणि त्या बचतीच्या पटीत घरासाठी कर्ज मिळण्याचा हक्क मिळवायचा. आज पोस्टात मुलीच्या शिक्षण-लग्नासाठी सुकन्या खाते आहे, म्हातारपणासाठी एनपीएस आहे, घरासाठी म्हणून काहीही नाही. सरकारी बँकेत एक खाते, व्याज करमुक्त, दर महिन्याच्या भरण्याची नोंद. सलग पाच वर्षे भाडे भरून ज्याने हे खाते चालवले, त्याची ती नोंद कर्ज देताना पतपुरावा म्हणून धरली जावी. पगाराची स्लिप नसलेल्या रिक्षावाल्याला, शिवणकाम करणाऱ्या बाईला, छोट्या दुकानदाराला याचा उपयोग नोकरदारापेक्षाही जास्त होईल. त्यांची कमाई असते, शिस्त असते, भिशीत त्यांनी वर्षानुवर्षे एकही हप्ता चुकवलेला नसतो. बँकेला दाखवायला कागद तेवढा नसतो.

हे सगळे होईपर्यंत जे साठवत आहेत त्यांनी काय करावे, हेही सांगायला हवे. लक्ष्य करार किमतीच्या २० टक्क्यांचे न धरता शुल्क, नोंदणी आणि किरकोळ खर्चासकट २८ ते ३० टक्क्यांचे धरावे (चालू बांधकामात जीएसटीचे ५ टक्के वेगळे), म्हणजे शेवटच्या ओळीपाशी धक्का बसत नाही. दोन-तीन वर्षांत लागणारा पैसा शेअर बाजारात ठेवू नये. आजारपणासाठी, नोकरी सुटली तर म्हणून ठेवलेली रक्कम घरात ओतू नये, भले घर एक वर्ष पुढे जावो. बिल्डरला करार नोंदवल्याशिवाय १० टक्क्यांपेक्षा जास्त पैसे देऊ नयेत. रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याच्या कलम १३ प्रमाणे त्याला ते मागताच येत नाहीत.

बाकीचे काम मंत्रालयात व्हायचे आहे. रेडी रेकनरचे नवे दर १ एप्रिलपासून लागू होतात. त्याच दिवसापासून पहिल्या घराच्या सवलतीचा आदेश कलम ९ खाली काढता येईल. सुरुवात ५ पैकी ३ टक्के माफ करून करावी, ६० चौरस मीटर चटईक्षेत्रापर्यंत, जुन्या आणि नव्या दोन्ही घरांना. पती-पत्नीच्या संयुक्त नावाला ही सवलत पूर्ण मिळावी. आणि किती कुटुंबांनी ती घेतली, कोणत्या जिल्ह्यात, किती किमतीच्या घरांसाठी, हे नोंदणी विभागाने दर तिमाहीला जाहीर करावे, म्हणजे किमती सवलतीमुळे वाढल्या की नाही यावर पुढच्या वर्षी अंदाजाने भांडावे लागणार नाही.